आवाज देल्ला त्यानं

डॉ. शिरीनच्या प्रश्नावलीत चौतीस प्रश्न होते. त्यांतला सतरावा चुकला होता, हे कळायला तिला दीड वर्ष लागलं.

ती चंद्रपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. मूळची बल्लारपूरची, सायकलच्या दुकानदाराची मुलगी, वय एकोणचाळीस. सोमवार ते शुक्रवार कॉलेज, शनिवारी गावं आणि रविवारी सकाळी आठ ते नऊ रेडिओ, असा तिचा आठवडा होता. रेडिओवरच्या ‘मन मोकळं’ या कार्यक्रमात लोक फोन करून सांगायचे की झोप येत नाही, परीक्षेत हात कापतात, सुनेशी पटत नाही. ती आधी पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग थोडंच बोलायची. तिचा आवाज जिल्ह्याच्या ओळखीचा झाला होता. बसमध्ये तिनं तिकीट मागितलं तरी एखादा कंडक्टर मान वर करून बघायचा.

शनिवारची गावं संशोधनासाठी होती. वाघानं ज्या घरातलं माणूस मारलं, त्या घरात मागे उरलेल्यांच्या मनाचं पुढे काय होतं, हा तिचा विषय. मूल, सिंदेवाही, सावली या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे आरमोरीपर्यंत फिरून तिनं बावन्न घरं गाठली होती. सतरावा प्रश्न असा होता: “घटनेनंतर तुम्हाला काही वेगळे, असाधारण अनुभव आले का?” पन्नास घरांनी सरळ ‘नाही’ सांगितलं होतं, दोन घरांनी उत्तर टाळलं होतं. गेलेल्या जोडीदाराची चाहूल मागे राहिलेल्या निम्म्या माणसांना तरी लागते, असं तिनं परदेशातल्या अभ्यासांत वाचलं होतं. इथली माणसं वेगळी असतील, असं समजून ती अठराव्या प्रश्नाकडे जायची.

गिरजाबाईचं घर सावली तालुक्यात, जंगलाला लागून होतं. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं मोजकं. तिचा नवरा सुकलू तीन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघानं नेला. ती तेव्हा शेजारच्याच झाडाखाली होती. मुलगा धनराज दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचा, त्यामुळे वर्षातले तीन-चार महिने ती एकटी असायची. तिनंही सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट दिली आणि सतराव्याला ‘नाई’ म्हणाली. शिरीननं रेकॉर्डर बंद करून पिशवीत ठेवला, चहा आला, आणि जाता जाता तिनं सहज विचारलं की इतकं होऊनही तुम्ही मोह वेचायला त्याच जंगलात कशा जाता.

गिरजाबाई म्हणाली, “तो आवाज देते ना. त्याचा आवाज आला का मी वापस येतो.”

शिरीनला आधी वाटलं, धनराजबद्दल बोलत असेल. मग तिच्या लक्षात आलं, ती सुकलूचं बोलत होती. तिनं हळूच विचारलं की मघाशी मी याबद्दलच विचारलं होतं, तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात.

“तुम्ही इचारलं, काही येगळं झालं काय. त्यात येगळं काय हाय? तो पहिले आवाज देत होता, आताही देते.”

त्या दिवशी शिरीन स्कूटरवरून परत येताना व्याहाडच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं होती, दूरवर बगळे होते.  पन्नास घरांनी तिला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

तिनं प्रश्न बदलला. “ते गेल्यावरही त्यांची संगत कधी जाणवते का? आवाज, चाहूल, वास, काहीही?” आणि पुन्हा एकदा बावन्न घरं फिरायला घेतली. त्याला आणखी पाच महिने लागले.

सदतीस घरांनी ‘हो’ म्हटलं.

सिंदेवाहीकडच्या गुणवंतराव नावाच्या म्हाताऱ्याला बायकोचा खोकला ऐकू यायचा, तोही फक्त थंडीत, कारण तिला खोकला थंडीतच व्हायचा. प्रणित नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला होता. त्याच्या वडिलांना संध्याकाळी अंगणात सायकलचं स्टॅण्ड लावल्याचा खट् असा आवाज यायचा, आणि ते रोज एकदा दाराकडे बघायचे. आरमोरीजवळच्या कमळाबाईला नवऱ्याच्या तंबाखूचा वास आला की ती ताटावरून उठून आणखी एक भाकर टाकायची. कोणी रडून सांगितलं नाही. पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. काहींच्या घरातल्या इतरांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. गुणवंतरावांची सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली की बाबा, मलाही ऐकू येतो.  सहा वर्षं दोघं एका घरात तोच खोकला ऐकत होते.

शिरीनला त्या दिवसांत झोप कमी आणि भूक जास्त लागायची. आपण इतकी वर्षं या माणसांच्या शेजारी राहिलो, त्यांच्या भाषेत बोललो, आणि त्यांच्या मनात एवढं मोठं काही चालू आहे याची आपल्याला गंधवार्ता नव्हती, याचं तिला नवल वाटत राहायचं. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच ती थांबायची.

हे सगळं ती दोन माणसांना सांगायची. एक रईस, तिचा नवरा. तो नागपूरला एका कंपनीत पुलांची डिझाइनं करायचा. चार वर्षांपूर्वी त्याची बदली झाली आणि ती सोबत गेली नाही. भांडण असं झालंच नव्हतं. तिला इथलं काम सोडवलं नाही, त्याला तिथलं. आधी दर आठवड्याला येणं-जाणं होतं, मग महिन्याला, मग फक्त शुक्रवारी संध्याकाळचा फोन उरला. रईस भला माणूस होता आणि त्यामुळेच वेगळं होण्याचा निर्णय अवघड झाला होता. बल्लारपूरला तिच्या अब्बांना, बाबूभाईंना, जावई मुलापेक्षा जास्त आवडायचा. तू घर मोडलंस, एवढंच ते तिला एकदा म्हणाले आणि त्यानंतर बोलणंच बंद केलं. ती घरी गेली की ते चपला घालून दुकानात जायचे. असे अकरा महिने गेले आणि एके दिवशी दुकानातच छातीत कळ येऊन ते गेले. त्याला आता दोन वर्षं झाली होती. शेवटच्या अकरा महिन्यांत अब्बांनी तिच्याशी उच्चारलेला एकही शब्द तिच्याकडे नव्हता.

दुसरा माणूस कुलदीप. रेडिओ केंद्रावर तो तिच्या कार्यक्रमाचा निर्माता होता. काचेपलीकडे बसून बोटानं ‘एक मिनिट उरलं’ असं दाखवणारा. त्याची बायको चंचल पाच वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली होती. कार्यक्रम संपल्यावर दोघं केंद्राबाहेरच्या टपरीवर चहा प्यायचे आणि तो चहा दिवसेंदिवस लांबत चालला होता. दोघांनाही ते कळत होतं, दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.  पहिल्या काही घरांचं ऐकूनच कुलदीप म्हणाला की हे रेडिओवर यायला हवं.

रईसनं मात्र फोनवर तिला थांबवलं. तो म्हणाला की आधी सगळ्या घरांचं काम पूर्ण कर, मग बोल, नाहीतर लोक रेडिओवर ऐकलेलंच तुला परत सांगतील. त्याचं बरोबर होतं. शिरीन शेवटचं घर होईपर्यंत थांबली.

एप्रिल लागला, मोह पडायला लागला. गिरजाबाईचा निरोप आला की यायचं असेल तर या. शिरीन शुक्रवारी संध्याकाळीच गावात गेली. पहाटे फटफटताना गिरजाबाई, गावातल्या आणखी चार बाया आणि शिरीन अशा सहाजणी टोपल्या घेऊन निघाल्या. वनविभागानं सांगून ठेवलं होतं की एकटं जायचं नाही, आणि त्या जात नव्हत्याही. शिरीनच्या खिशात रेकॉर्डर सुरू होता. जंगलाचे आवाज कार्यक्रमात वापरता येतील असं कुलदीपनं सुचवलं होतं.

चालता चालता गिरजाबाईनं तिला सुकलूचं सांगितलं. घरी तो तिला ‘धनराजची माय’ म्हणायचा. नावानं हाक मारायचा ती फक्त जंगलात, कारण तिथे ऐकायला कोणी नसायचं. दोघं दोन झाडांखाली वेचत असले की थोड्या थोड्या वेळानं तो ‘गिरजे’ असा आवाज द्यायचा आणि ती ‘हो’ म्हणायची. एकमेकांचा ठावठिकाणा कळावा म्हणून. ती म्हणाली, “ज्या दिवशी गेला ना मॅडम, त्या दिवशी आवाज नाई देल्ला त्यानं. मी वाटच पाहून राह्यली होती.”

मोहाची झाडं नाल्याच्या काठानं होती. खालची जमीन झाडून साफ केलेली, आणि त्यावर फिक्या पिवळ्या फुलांचा सडा. फुलं अजून पडत होती. पानांत अडत, मग जमिनीवर टप् असा मऊ आवाज करत. वास इतका गोड आणि दाट होता की शिरीनला गरगरल्यासारखं झालं. उजेड हळूहळू खाली उतरत होता. बाया वाकून दोन्ही हातांनी वेचत होत्या, मध्येच एखादी बोलत होती, पाखरांचा कलकलाट चालू होता. शिरीनही वेचायला लागली. अर्धा तास असा गेला असेल.

मग गिरजाबाई सरळ झाली. कोणी हाक मारल्यावर माणूस वळतं तशी तिनं मान डावीकडे वळवली. शिरीन तिच्यापासून चार पावलांवर होती आणि तिला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. त्यावर भीती नव्हती. नवऱ्यानं बोलावल्यावर बायकोच्या चेहऱ्यावर जे येतं, थोडं ऐकणं, थोडी कुरकुर, थोडी माया, तेच होतं. तिचे ओठ हलले. ती ‘हो’ म्हणाली, पण आवाज न काढता.

“चला,” ती बायांना म्हणाली.

कोणीही का म्हणून विचारलं नाही. चौघींनी टोपल्या उचलल्या. गिरजाबाईनं जमिनीवर जमा केलेला ढीग तसाच सोडला. सगळ्या एकमेकींना लागून, न धावता, नाल्यापासून दूर चालत डांबरी रस्त्यावर आल्या.  रस्त्यावर शिरीननं विचारलं की काय झालं.

“आवाज देल्ला त्यानं,” गिरजाबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

थोड्या वेळानं मोटरसायकलवर वनरक्षक गोपाल आला. त्याचा रोजचा फेरा होता. बायांनी त्याला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. गावातल्या दोघांना सोबत घेऊन, काठ्या आपटत, आरडाओरड करत तो आत गेला आणि पाऊण तासानं परत आला. त्यानं मोबाइलवर काढलेले फोटो शिरीनला दाखवले. नाल्याच्या ओल्या वाळूत वाघिणीच्या पंजाचे ठसे होते, मागे दोन पिल्लांचे. ठसे गिरजाबाईच्या ढिगावरून गेले होते. फुलं दबून मातीत रुतली होती. आणि ढिगापासून वीसेक पावलांवर रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, झुडपात गवत दबलेलं होतं. वाघीण तिथे बसून होती, गोपाल म्हणाला, तुम्ही वेचत होत्या तेव्हापासून.

 शिरीन रस्त्याच्या कडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली. एका बाईनं तिला पाणी दिलं. तिला भीती वाटत होती, पण त्याहून काहीतरी मोठं तिच्या आत भरून आलं होतं आणि त्याला तिच्या विषयाच्या पुस्तकांत तिला शब्द सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कार्यक्रम संपल्यावर तिनं रेकॉर्डर कुलदीपपुढे ठेवला. कुलदीपनं ते सगळं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. फुलं पडल्याचा आवाज, बायांचं बोलणं, पाखरं. मग गिरजाबाईचा ‘चला’. शिरीननं कान देऊन ऐकलं. त्याआधी कुठलीही हाक नव्हती. वानरं ओरडली नव्हती, हरणानं इशारा दिला नव्हता, पाचोळाही वाजला नव्हता. ती म्हणाली की यात काहीच नाही.

कुलदीपनं पुन्हा मागे नेलं. तो आवाजात आयुष्य काढलेला माणूस. डोळे मिटून त्यानं तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. मग त्यानं कागदावर वेळ लिहिली आणि तिच्याकडे सरकवला.

“काहीच नाही, हेच आहे,” तो म्हणाला. “इथून पुढे ऐक. पाखरं थांबली आहेत.”

खरंच थांबली होती. ‘चला’च्या आधी नऊ सेकंद सगळी पाखरं एकदम गप्प झाली होती. सहाजणी तिथे होत्या. कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. शिरीनच्या तर नाहीच. गिरजाबाईच्या कानांनी ती शांतता टिपली असणार, तिच्या नकळत, आणि तिच्या मनानं नऊ सेकंदांत त्या शांततेला सुकलूचा आवाज दिला. तिनं ऐकलंच पाहिजे, जागचं हललंच पाहिजे, असा तो एकच आवाज होता.  

पुढच्या शनिवारी तिनं जाऊन गिरजाबाईला हे समजावून सांगितलं, रेकॉर्डिंगही ऐकवलं. गिरजाबाईनं मन लावून ऐकलं आणि पाखरं थांबलेली ओळखली. मग ती म्हणाली, “बरं. पाखरं चूप झाली. पन ते मले कोनं सांगतलं?”

ते मलाही ठाऊक नाही, असं शिरीननं सांगितलं. 

रेडिओवर यावर कार्यक्रम करू का, तुमचं नाव न घेता, असं तिनं विचारलं तेव्हा गिरजाबाई म्हणाली की नाव काऊन नाही घ्यायचं, मीच येऊन बोलतो. आणि रविवारी ती नवं लुगडं नेसून आली.

कुलदीपला थोडी धास्ती होती. कोणी याचा बुवाबाजीसाठी वापर केला तर, वरून विचारणा झाली तर. शिरीननं सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं की इथे भूत नाही, मंत्र नाही, कोणाला पैसे द्यायचे नाहीत, कोणाला उतारा काढायचा नाही. हे माणसाचं मन आहे आणि त्याची ताकद आपल्याला अजून पुरती ठाऊक नाही. मग गिरजाबाई बोलली. सात-आठ मिनिटं, एका दमात. शेवटी शिरीननं ऐकणाऱ्यांना तोच नवा सतरावा प्रश्न विचारला आणि फोन नंबर सांगितला.

 मग तिन्ही लाइन एकदम पेटल्या.

खाणीत शिफ्ट संपवून आलेला एक माणूस बोलला. गडचिरोलीच्या पोलीस कॅम्पमधला एक जवान बोलला. त्याला गेलेल्या सोबत्याचं घोरणं ऐकू यायचं आणि ते ऐकू आलं की त्याला झोप लागायची. मूलचे नागसेन नावाचे निवृत्त मास्तर म्हणाले की माझा देवावर, आत्म्यावर, कशावरच विश्वास नाही, मी आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं. “पण आई रोज एकदा विचारते, जेवलास काय. मी हो म्हणतो. खोटं कशाला बोलू?” एक म्हातारी गोंडीत बोलली आणि तिच्या नातवानं मराठीत सांगितलं. जो तो हळू आवाजात बोलत होता आणि जवळजवळ प्रत्येकजण म्हणत होता की हे आजवर कोणाला सांगितलं नाही. नऊ वाजून गेले. कुलदीपनं बोट दाखवलं नाही. त्यानं पुढचा गाण्यांचा कार्यक्रम रद्द केला, जाहिराती थांबवल्या. गिरजाबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होती, ओळखीच्या माणसांत बसल्यासारखी.

पावणेदहाच्या सुमाराला कुलदीपचा आवाज शिरीनच्या कानात आला, की लाइन दोन, बल्लारपूर.

“मी कनीज बोलून राह्यली,” फोनवरची बाई म्हणाली.

शिरीनची आई. तिनं आजवर कधी रेडिओवर फोन केला नव्हता. शिरीनच्या तोंडून सवयीनं ‘बोला’ निघालं.

“आमच्या यांचं सायकलचं दुकान होतं. दोन साल झाले त्याईले जाऊन. पहाटे पावणेपाचले मले उठवतात. ‘नळ आला’ म्हणतात. बस, तेवढंच. मी उठते, पानी भरते.”

शिरीननं विचारलं की हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं का. 

“नाई. पोरीले सांगाव वाटे. पन ते लय शिकलेली. म्हटलं, दवाखान्यात घेऊन जाईन मले.”

काचेपलीकडे कुलदीप उठून उभा राहिला होता.

“नेणार नाही, अम्मी,” शिरीन म्हणाली.

“मंग ठीक हाय,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

सव्वादहाला कार्यक्रम संपला. धनराज गावाकडे परतला होता, तो गिरजाबाईला न्यायला खाली आला होता. त्यांना बसवर पोचवून शिरीन वर आली तेव्हा कुलदीप स्टुडिओत एकटाच होता. त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं की चंचल मला का ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली. मी तिचे कपडे कपाटात ठेवले आहेत, तिचे व्हॉइस मेसेज ठेवले आहेत. सगळ्या जिल्ह्याला येतो, मला एकदाही नाही. माझ्याच प्रेमात काही कमी होतं का?

शिरीन त्याच्याशेजारी बसली. धीर देणारं काहीतरी बोलणं तिला सहज जमलं असतं, रेडिओवर ती ते दर रविवारी करायची. पण तिला जे ठाऊक होतं तेच तिनं सांगितलं.

“पंधरा घरांनी नाही म्हटलं, कुलदीप. त्यांचंही दुःख मी मोजलं आहे. सदतीस घरांपेक्षा ते कणभरही कमी नव्हतं. का कोणाला येतो आणि का कोणाला येत नाही, मला माहीत नाही.” मग थोडं थांबून म्हणाली, “मलाही येत नाही. अब्बांचा.”

त्यानं तेव्हा तिच्याकडे बघितलं.  त्याच्या खांद्यावर तिनं हात ठेवला, तो त्यानं राहू दिला.

दुपारच्या गाडीनं ती बल्लारपूरला गेली. आई काही झालंच नाही अशा थाटात डाळ निवडत होती. शिरीन समोर बसली आणि तीही निवडायला लागली. मग तिनं विचारलं की अब्बा माझ्याबद्दल कधी काही म्हणतात का.

आईनं हातातलं थांबवलं. तिला खोटं बोलता आलं असतं आणि शिरीनला ते चाललंही असतं. पण तिनं खरंच आठवून पाहिलं.

“नाई बेटा,” ती म्हणाली. “नळाचंच बोलतात.”

शिरीनला आधी रडू आलं आणि मग हसू, आणि आईलाही हसू आलं. अब्बा तसेच होते. मनातलं कधी बोलले नाहीत, कामाचं तेवढं बोलायचे. ज्या माणसाला आयुष्यभर ‘नळ आला’ एवढीच माया दाखवता आली, तो आताही तेवढीच दाखवत होता. दोन वर्षं शिरीनला वाटत होतं की अब्बांचा राग आपल्यासोबत कायमचा उरला आहे. त्या दुपारी तिला पहिल्यांदा वाटलं की राग त्यांच्यासोबत गेलाही असेल. खात्री करायचा मार्ग नव्हता आणि त्याशिवायही जगता येईल असं तिला वाटलं.

आईच मग रईसचं बोलली. म्हणाली की मी तुला परत जा म्हणणार नाही, पण त्या पोराला असं टांगून ठेवू नको.

पुढच्या शुक्रवारी रईसचा फोन यायच्या आधी शिरीन स्वतः नागपूरला गेली. रईसनं कार्यक्रम मोबाइलवर पूर्ण ऐकला होता, दोनदा. तो म्हणाला की तू थांबलीस ते बरं केलंस, आता कोणी तुझ्या आकड्यांवर बोट ठेवू शकणार नाही. मग दोघं त्याच्या बाल्कनीत बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. तिनं सांगितलं की मी चंद्रपूर सोडणार नाही आणि तू इथलं सोडावंस असंही मला वाटत नाही. तिनं कुलदीपचंही सांगितलं, जे होतं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही.  रईस म्हणाला की मला कधीपासून माहीत आहे, तू सांगायची वाट बघत होतो. घटस्फोटाचे कागद करायला दोन महिने लागले. सह्या झाल्यावर निघताना त्यानं तिच्या स्कूटरसाठी नवं हेल्मेट दिलं, कारण जुन्याची काच तडकलेली होती आणि शनिवारचा रस्ता वाईट होता.

संशोधनाचा निबंध लिहिताना शिरीननं सतरावा प्रश्न दोन्ही रूपांत छापला, आधीचा चुकलेला आणि नंतरचा. मोहाखालची सकाळ लिहायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. नऊ सेकंदांची शांतता तिनं लिहिली, ठसे लिहिले, कानांनी टिपलेली गोष्ट मन कशी आपल्या माणसाच्या रूपात पुढे आणत असेल, तेही लिहिलं. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि ठेवली: “पाखरं गप्प झाली हे मला कोणी सांगितलं, असं माहिती देणाऱ्या बाईंनी विचारलं. अभ्यासकाला याचं उत्तर देता आलेलं नाही.”

कुलदीपनं तो मसुदा टपरीवर उभ्या उभ्या वाचला. चहा थंड झाला. वाचून झाल्यावर त्यानं कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले आणि विचारलं की पुढच्या शनिवारी गावात जाताना मी आलो तर चालेल का. त्याला पाखरं ऐकायची होती.

शिरीन हो म्हणाली.